वहिनींना नेसवायचं कुणी

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार
मधुमतीवहिनी आज सकाळी गेल्या. त्यांच्या यजमानांचा, भाऊंचा फोन आला तेव्हा मी रीडिंगच्या स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होते. ऑफिसला कळवलं आणि तशीच हॉस्पिटलला गेले. भाऊ कॉरिडॉरमध्ये कोट घालून बसले होते, हातात पार्किंगचं तिकीट. "चहा घेतलास का तू?" — मलाच विचारलं.

आमच्या मराठी मंडळाच्या फर्स्ट लेडी. भाऊ पहिले अध्यक्ष, म्हणून सगळे थट्टेनं म्हणायचे. भाऊंचं पद गेलं तरी वहिनींचं नाव राहिलं. आताच्या अध्यक्षांची बायको स्वाती. तिला कुणी तसं म्हणालं नाही.

८ नोव्हेंबर
रडू येत नाही. एकच संक्रांत आठवते. हे गेल्यानंतरची पहिली. मी हॉलच्या किचनमध्ये तिळगूळ ताटल्यांत काढत होते — बाहेर हळदीकुंकू चाललं होतं, विधवेनं तिथं काय करायचं? वहिनी आत आल्या, हाताला धरून मला बाहेर नेलं आणि सगळ्यांच्या आधी मला कुंकू लावलं. "हिला आधी. आपण इंग्लंडात राहतो, पेशवाईत नाही." बायका हसल्या. कुणीतरी फोटो काढला. त्यानंतर दर वर्षी मीच पहिली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
क्रेमॅटोरियमला पुढच्या शुक्रवारची वेळ मिळाली. आदल्या दिवशी फ्युनरल डायरेक्टरकडे जाऊन वहिनींना नेसवायचं. स्वातीचा फोन. वहिनी सवाष्ण गेल्या — हिरवी साडी, चुडा, मळवट, ओटी, सगळं करायचं.

मी म्हटलं, मी नेसवते. दिवाळीला हात चालत नव्हते त्यांचे, तेव्हाही मीच नेसवली होती. माझ्या हातच्या निऱ्या त्यांना आवडायच्या. दुसरं काही मला करता येणार नाही त्यांच्यासाठी.

स्वाती म्हणाली, "अनुराधा, सवाष्णीच हव्यात गं."

"वहिनींना हे चाललं नसतं," मी म्हटलं.

"माझ्यावर राग धर हवं तर. पण आत येऊ नकोस."

आणि वर, वेंब्लीच्या देशी बाजारातून हिरव्या बांगड्या आणशील का? तुला माप माहीत आहे म्हणून.

१२ नोव्हेंबर, रविवार
बांगड्या आणल्या. दुकानदारानं विचारलं, घरी लग्न आहे का? हो म्हटलं. माप दाखवायला त्यानं एक माझ्याच हातात चढवली. काढताना हाडावर अडकली.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
गेले. न बोलावता नाही — सगळ्यांना घेऊन गाडी मीच नेली. निधी, वहिनींची लेक, माझ्या शेजारी बसली होती. इथंच वाढलेली. "आंटी, तुम्ही आत का नाही येतो? मम्मीला तुमचा साडी नेसवणं आवडायचा." स्वातीनं तिला कोपराला धरून आत नेलं. मंडळातली अर्चना ओटीचं ताट घेऊन मागून गेली. दार लागलं.

मी बाहेर खुर्चीवर. थोड्या वेळानं तिथली मुलगी बांगड्या घेऊन आली. दहनाला काच चालत नाही, सॉरी. बाहेर मीच होते म्हणून माझ्याच हातात दिल्या.

आतून आवाज — "वर घे, वर घे." "अगं, निसटतंय." एकदा कुणीतरी हसलं.

दार उघडलं तेव्हा दिसलं. पदर उजव्या खांद्यावर! डोक्याच्या बाजूला उभं राहून नेसवली असणार, डावं-उजवं उलटं झालं.

"पदर चुकलाय," मी दारातून म्हटलं.

"आता कोण बघतंय," अर्चना म्हणाली.

मी एक पाऊल आत टाकलं. स्वाती आडवी आली. "नको." एवढंच. इतका तिरस्कार मी आयुष्यात कुणाचा केला नव्हता.

१७ नोव्हेंबर
झालं. स्वातीच्या नवऱ्यानं भाषणात संक्रांतीची गोष्ट सांगितली — वहिनींनी रूढी कशा मोडल्या. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. स्वाती तेवढी खाली बघत होती.

वहिनी तशाच गेल्या, उलट्या पदरानं.

१९ नोव्हेंबर, रविवार
भाऊंना जेवण नेऊन दिलं. राहवलं नाही, स्वातीनं काय केलं ते सांगितलं.

"स्वातीनं कुठं?" भाऊ म्हणाले. "मधूनंच सांगून ठेवलं होतं तिला, हॉस्पिटलात. नेसवताना अनुराधाचा हात लागू देऊ नका, मला सवाष्ण जायचंय. आणि हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस — ती यायची बंद झाली तर यांच्या जेवणाचं कोण बघेल?"

मी विचारलं, मग हळदीकुंकू?

"अगं, ते मंडळात. चार लोकांत तेवढं करावं लागतं." मग डब्यात डोकावून — "आमटी एवढीच का?"

परत येताना स्वातीचं घर लागलं. हॉलमध्ये दिवा होता. गाडी थांबवली नाही.

घरात खायला काही उरलं नव्हतं. टोस्ट केला, ओट्याशी उभ्यानंच खाल्ला.