हिपोक्राइट म्हणजे नट

प्रिय नंदिनी,

तुझा मेसेज आला. एकच शब्द, तोही इंग्रजी. मी आपला मोबाइल घेऊन गुणवंतराव सरांकडे गेलो. सर म्हणाले, हा शब्द मूळचा ग्रीक लोकांचा, हिपोक्राइट म्हणजे रंगमंचावरचा नट. मी खूशच झालो! वीस वर्षं झाडीपट्टीत नाटकं केली, म्हटलं गडचिरोलीत नर्स झालेल्या पोरीला बापाचं कौतुक वाटलं. मग सरांनी चष्मा पुसत सांगितलं, की आता हा शब्द ओठात एक नि पोटात एक असणाऱ्या माणसाला लावतात, जगाला नीती शिकवणाऱ्या ढोंग्याला. माझी पोर मला असं म्हणते? मला?

तुझ्या लोकेशच्या घरून तुला सगळं कळलं असणार. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला गावोगावचे पाहुणे येतात, त्यातच सोयरिकी जुळतात, तुला काय सांगायचं. लोकेशचे आईवडील, इसरूभाऊ नि रुखमाबाई, आले, तेव्हा मीच त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या. नाटकात बाप मी. परजातीच्या जावयाला मिठी मारतो, ढसाढसा रडतो, ‘माझ्या पोरीचं मन हीच तिची जात’ म्हणतो. रुखमाबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्या भोळ्या माणसांना वाटलं, व्याह्याने भर मंडपात होकार दिला. सकाळी मोहफुलांचे लाडू घेऊन दारात हजर! आणि मी काय बोललो? “इसरूभाऊ, ते नाटक होतं जी. तुमी जंगलातले, आमी गावातले. कसं जमन?” ज्या घराने छप्पन साली जातीवर लाथ मारून दीक्षा घेतली, त्या घराच्या उंबऱ्यावर उभा राहून बोललो गं. शरम वाटते. इसरूभाऊ भांडले नाहीत. डबा ओट्यावर ठेवला आणि पाणीही न पिता दोघं निघून गेले.

काल त्यांच्या गावी गेलो. हात जोडले, चुकलो म्हणालो, रडलो. इसरूभाऊ म्हणाले, “नागसेनभाऊ, त्या रोजी बी तुमी असेच रडले होते जी.” खरं रडतोय हे आता कोणाला कसं पटवू? म्हणून हे पत्र. सोबत माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स आहे. तुमच्या नोंदणी लग्नाला तीन साक्षीदार लागतात म्हणे. त्यातला एक मला कर, बाई. तिथे काही बोलायचं नसतं, नुसती सही करायची असते.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
बाबा