पालथा कोच

मंगळवार, ९ फेब्रुवारी
शाळा, मधली सुट्टी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आम्ही दोघे इथे बरे आहोत, तुम्ही सगळे तिकडे बरे असाल असं धरून चालते. आईचा गुडघा कसा आहे? तिला सांगा, तेल चोळून जाण्यातलं ते दुखणं नाही, डॉक्टरांना दाखव. दादाची धाकटी पाढे पाठ करते म्हणे. तिला पाढे पाठ करायला लावू नका, आधी मोजायला शिकवा. तुम्ही हसाल आणि म्हणाल, मास्तरीणबाईंनी पत्रातही वर्ग भरवला.

मास्तरीणबाई सध्या म्हणू नका मला. का ते पुढे येईलच.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कोच कसा आहे. मी म्हटलं, छान आहे. तुम्ही म्हणालात, मग शनिवारी येतो हत्यारांची पिशवी घेऊन, वर्ष होत आलं, ताणून टाकू. मी म्हटलं, या ना. फोनवर मला इतकं सहज खोटं बोलता येतं हे अलीकडेच कळलं. कागदावर हात अडतो, म्हणून पत्र. दादाकडून वाचून घेऊ नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावा आणि सावकाश, एकट्यानेच वाचा.

तुम्ही फोन केलात तेव्हा कोच घरात नव्हता. आठ दिवस झाले होते. एका सोफ्याच्या दुकानाच्या ‘जुनं द्या, नवं न्या’ योजनेत आम्ही तो देऊन टाकला होता.

आता कसा दिला ते सांगते. मला सगळं ओळीने सांगू द्या.

जानेवारीचे शेवटचे तीन रविवार आम्ही सोफ्यांची दुकानं पालथी घातली. तुम्ही कोच म्हणता, इथे सगळे सोफा म्हणतात. मीही म्हणते, तुम्ही समोर नसलात की. पहिल्याच दुकानात पाऊल टाकलं आणि डोकं चढलं. नवं रेक्झिन, गोंद आणि त्यावर फवारलेलं गुलाबाचं काहीतरी. आजारी माणसाला पावडर फासून पाहुण्यांसमोर बसवावं तसा वास. एक जोडपं पायातले बूट न काढता सोफ्यावर आडवं होऊन छताकडे बघत होतं. ते उठले तिथे ओलसर ठसा राहिला आणि दुसरं जोडपं त्यावरच बसलं. विक्रेता जिभेला बोट लावून कापडाचे नमुने उलटायचा आणि त्याच ओल्या बोटाने कापड चोळून म्हणायचा, हात लावून बघा मॅडम. मी नाही लावला.

दुसऱ्या दुकानात तुमचे जावई एका सोफ्यात बसले आणि त्यांचे गुडघे कानाला लागले. विक्रेता कौतुकाने म्हणाला, यात बसलेला माणूस उठत नाही. खरंच उठता येईना. मी दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा सुटले. बाहेर आल्यावर म्हणाले, "सासरेबुवांनी हे पाहिलं तर दाभण घेऊन त्याच्या मागे लागतील."

मी हसले नाही. त्या दिवसांत मला तुमचा विषयच नको होता.

वर मी आम्ही, आम्ही असं लिहिलंय. ते खरं नाही. नवा सोफा मला हवा होता. तुमचे जावई पहिल्यापासून म्हणत होते की घरात बसण्यासारखी हीच एक जागा आहे, पाठ दुखत नाही, कशाला बदलायचा? मीच त्यांना तीन रविवार फरफटत नेलं. आणि कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहिताना शिसारी येते.

डिसेंबरात आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई घरी आल्या होत्या. मनाने वाईट नाहीत, तोंडाने फटकळ. कोचावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा सोफा आहे की दवाखान्यातला बाक?" मी हसले. नुसती हसून थांबले नाही. म्हणाले, हो ना, बदलायचाच आहे. ज्याच्यासाठी तुम्ही दोन महिने गिऱ्हाइकांची कामं मागे ठेवलीत, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ठोकत होतात, त्याची किंमत मी चहाच्या एका कपाएवढ्या वेळात उडवून दिली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापिका येणार होत्या. त्या याच कोचावर बसणार, या विचाराने मला झोप लागेना. एवढी मी शिकले.

तर तिसरा रविवार. त्या योजनेच्या दुकानाचा टेम्पो सकाळीच कोच घेऊन गेला होता. जुनं सामान आधी तपासतात, मग नव्यावर किती सूट ते ठरवतात. मला वाटलं मागे कुठेतरी तपासत असतील. आम्ही पोचलो तेव्हा आपला कोच दुकानाच्या मधोमध, चकचकीत फरशीवर, पालथा पडला होता. चारही पाय वर. भोवती रविवारची गर्दी, लहान मुलं, आइस्क्रीमचे हात.

तपासणारा माणूस उकिडवा बसला होता. त्याने खालच्या कापडात बोट घातलं आणि ओढलं. टाके टरटर सुटले. त्याने आत हात घालून मूठभर काथ्या उपसला, हुंगला, नाक मुरडलं आणि फरशीवर टाकला. "हे बघा, खालून धड शिवलेलंसुद्धा नाही. नुसता कच्चा टाका मारलाय. वरून साजरं आणि खालून उघडं. तुम्हाला फसवलंय कुणीतरी. कुठून घेतला?"

बाबा, टाका कच्चा का होता ते त्या दुकानात फक्त मला माहीत होतं. मी चौथीत होते तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत. नव्या कोचावर वर्षभर माणसं बसली की बसणाऱ्याचा खळगा पडतो, स्प्रिंगांखालचे पट्टे सैल होतात. कारागिराने वर्षाने आपणहून जायचं, पट्टे ताणून द्यायचे आणि मगच तळ पक्का शिवायचा. तोवर कच्चा टाका. मी विचारलं होतं, आधीच पक्का शिवला तर? तुम्ही तोंडातले खिळे काढून म्हणाला होतात, "जो तळ आधीच पक्का शिवतो, त्याला परत यायचं नसतं."

मला हे सगळं शब्दन् शब्द आठवलं. तुमचे जावई माझ्याकडे बघत होते. बोलायला त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण तुमच्याविषयी आधी मी बोलावं म्हणून थांबले. आणि मी बोलले.

मी म्हणाले, "विकत नाही घेतला. कुणीतरी दिलाय."

तो माणूस म्हणाला, तरीच. फुकटाचं असंच असतं. मी मान हलवली. मग त्याने खिशातून सुवासिक ओल्या कागदांची पुडी काढली, आपले हात पुसले आणि एक कागद मला दिला. मी हात पुसले. मी कशालाही हात लावला नव्हता, बाबा. तरी बोटांच्या बेचक्यांतून, नीट, सावकाश पुसले.

परतीच्या वाटेवर तुमचे जावई एवढंच म्हणाले, "कुणीतरी?"

त्यावर मी भांडले. तुम्ही का नाही बोललात, असं उलट त्यांनाच विचारलं. चोराच्या उलट्या बोंबा.

महाविद्यालयात श्रमप्रतिष्ठेवरच्या भाषणासाठी मला करंडक मिळाला होता. तुम्ही तो तुमच्या दुकानात सुतळीच्या गुंड्यांशेजारी मांडून ठेवलाय आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवता. कृपा करून तो खाली काढा. त्यात खिळे ठेवा. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. कुठलंही काम हलकं नसतं, असं फळ्यावर लिहिते आणि खडूचे हात झटकते.

नवा सोफा आला. राखाडी आहे. उघड्या पायाला चिकटतो आणि उठताना असा आवाज करतो की पाहुणा असेल तर दोघांनी मान खाली घालावी. खोलीभर गोंदाचा वास. भात खाल्ला तरी त्याला तोच वास. मुख्याध्यापिका आल्या, बसल्या, आणि सोफ्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या लक्षातही आलं नाही. निम्मा वेळ त्या परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलल्या. गणिताच्या बाई मात्र म्हणाल्या, आता कसं घर वाटतंय. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

मग परवा तुमचा फोन.

काल शाळा सुटल्यावर मी त्या दुकानाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे पत्र्याची मोठी शेड आहे. जुने सोफे आणून तिथे उसवतात. पुढे जो गुलाबाचा वास येतो तो इथवर पोचत नाही. इथे माणसांचा वास येतो. वर्षानुवर्षं लोळलेल्या माणसांचा घाम, तेल, सांडलेलं दूध, मुलांची शू. उसवलेल्या मालाच्या ढिगात केसांचे पुंजके, कापलेली नखं, अर्धं चघळलेलं बिस्कीट, उंदराचं अख्खं घरटं. मी नाकाला पदर लावला. मग लावला याचाच राग आला आणि सोडला. मग पुन्हा लावला.

मध्यभागी एक वयस्कर बाई बसल्या होत्या, तोंडाला फडकं, हातात पक्कड. एका सांगाड्यातून खिळे उपटत होत्या. तो आपलाच होता. हाताच्या टेकूला तुम्ही देता तो बाक मी कुठेही ओळखीन. कापड गेलं होतं, काथ्या गेला होता. पट्टे आणि स्प्रिंगा तेवढ्या राहिल्या होत्या.

मी विचारलं, याचं काय करणार? म्हणाल्या, लाकूड चांगलं आहे, यावर राखाडी कापड चढेल आणि पुढे नवा म्हणून उभा राहील. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "सगळ्यांच्या पोटातून घाण निघते, यातून काही निघालं नाही. आणि करणारा ताणायला येणार होता बघा, तळ कच्चा ठेवलेला. असं करणारं आता कोणी राहिलं नाही. कोणाचा आहे, कुणास ठाऊक."

"माझ्या वडिलांचा," मी म्हणाले.

त्यांनी फडकं खाली केलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खरोखर न कळून विचारलं, "मग इथे कशाला आला?"

कुठून घेतला, याचं उत्तर दुकानात मला लगेच सुचलं होतं.

सूट परत करून सांगाडा सोडवला. दुकानातल्या माणसाला वाटलं, मला वेड लागलंय. माझा फोन गेल्यावर तुमचे जावई ऑफिसातून थेट टेम्पो घेऊन आले, एका बाजूने उचललं आणि दुसरी बाजू मला दिली. जिन्यात माझं बोट चेपलं. बरं वाटलं. आता सांगाडा पुढच्या खोलीत आहे, नव्या सोफ्यासमोर. नवा सोफा दुकान परत घेत नाही, तो अजून वास मारत बसलाय. रात्री आम्ही दोघे फरशीवर बसून जेवलो.

अजून एक राहिलं. मी नववीपर्यंत तुमच्या दुकानात यायचे, तुमचे खिळे धरायचे, आठवतं? मग अभ्यास आहे म्हणून बंद केलं. अभ्यास होता, पण तेवढंच नव्हतं. वर्गातल्या एका मुलीने माझ्या वेणीतून काथ्याची काडी ओढून काढली होती आणि दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली होती. कोचवाल्याची मुलगी, म्हणाली. सगळे हसले. त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा केस धुतले. तुम्हाला वाटलं, पोरीला शिकायची केवढी ओढ. तुम्ही मला दिवा आणून दिलात, टेबल करून दिलंत. किळस तेव्हाच बसली होती बाबा. मी तिच्यावर पदवी चढवली, एवढंच. राखाडी कापड चढवतात तसं.

शनिवारी या असं आता कुठल्या तोंडाने म्हणू? नाही आलात तर मी समजेन, आणि आईला मी स्वतः सांगेन का ते. पण आलात तर, काथ्या मी आज सकाळीच घरी आणून ठेवलाय. काथ्यावाल्याने दोन प्रकार दाखवले, मी हुंगून लांब धाग्याचा घेतला. बरोबर घेतला का ते तुम्ही बघा. शाळेतून रजा काढली आहे. गणिताच्या बाईंनाही बोलावलंय. कोण येणार आहे म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं कोण येणार आहे, काय काम करतात ते. त्या म्हणाल्या, अगं मग आधी बोलायचं ना. एवढंच. एवढंच होतं ते.

खिळे मी धरीन. केस बांधणार नाही.

आणि तळ पक्का शिवू नका. वर्षाने पुन्हा यावं लागेल असाच, कच्चा ठेवा.

तुमची,
कोचवाल्याची मुलगी