एकसष्ट मुळं

१४ नोव्हेंबर १९५८

आले एकदाची. कणकवलीला एस.टी. बदलताना अण्णांनी दोनदा विचारलं, परत फिरूया का. मी नको म्हटलं. मालवणात उतरताच वाऱ्याने कपाळावर ओढून धरलेला पदर उडवला, आणि आज पहिल्यांदाच मला त्याची लाज वाटली नाही. त्यासाठीच तर आले आहे.

ही वही अण्णांनी दिली. मी शाळेत गेले नाही, अक्षरं त्यांच्याकडेच शिकले; वडील आणि गुरू दोन्ही तेच, म्हणून त्यांचा नियम पाळणार: पाहिलं तेवढंच लिहायचं आणि ज्या दिवशीचं त्याच दिवशी. तर आधी माझं. नाव द्वारका. सात वर्षांची असताना भात उकडण्याच्या हंड्यातलं पाणी माझ्या कपाळावर आलं. तेव्हापासून डावीकडे चार बोटं रुंद जागेत केस नाहीत, कातडी मेणासारखी आहे. दोन स्थळं तेवढ्यावरून परत गेली. वैशाखात देवगडचे मास्तर बघायला येणार आहेत. तोवर कपाळ भरलं तर अण्णांचा घोर मिटेल.

डॉक्टर गुरुदास कोरगावकर पुष्कळ वर्षं बोटीवर डॉक्टर होते. कोबे बंदरात एका जपानी डॉक्टराकडे ते ही विद्या शिकले. डोक्याच्या मागचे केस मुळासकट, कातडीच्या बारीक गोल तुकड्यांसह काढायचे आणि पुढे लावायचे. फी घेत नाहीत. त्यांची एकुलती मुलगी लक्ष्मी सतराव्या वर्षी काविळीने गेली. पत्नीला, आनंदीबाईंना, सहा महिने सोबत झाली की पुरे, असं ते अण्णांना म्हणाले.

घर प्रशस्त आहे, मागे आंब्याची बाग आणि पुढे समुद्र. कामाला शेवंती आहे, तिशीची असेल. नुकतीच विषमज्वरातून उठली आहे. वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली आहे, कपाळावरचे केस मात्र दाट आणि कुरळे. माझी ट्रंक उचलून तिने विचारलं, “पुस्तकां हाडलंस? वाचून केस गळतत. वाढवूक इलंस काय गळवूक गो?” अण्णासुद्धा हसले.

१७ नोव्हेंबर

आनंदीबाई मला रोज न्हाऊ घालतात. असे लाड माझे कोणी केले नव्हते. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या माझ्या केसांपेक्षा कपाळ जास्त निरखतात, मापं घेतल्यासारखं. बैठकीत लक्ष्मीची तसबीर आहे. गोल चेहरा, कपाळ लहान आणि त्यावर दाट कुरळे केस.

देवगडच्या मास्तरांना डागाचं आधी सांगावं की नाही, हे रात्रंदिवस मनात येतं. न सांगणं म्हणजे फसवणूकच. कपाळ भरलं तरी सांगायचं, असं आज ठरवलं आणि हलकं वाटलं.

२१ नोव्हेंबर

काल शस्त्रक्रिया झाली. काल लिहिता आलं नाही, म्हणून आज लिहिते. नियम मोडला.

आधी पालथं झोपवलं. सुई टोचल्यावर डोकं बधिर झालं, पण आवाज येत होता. मसुराच्या दाण्याएवढ्या तोंडाची नळी, धारदार. ती फिरवली की कर्रकन आवाज होई आणि तुकडा मिठाच्या पाण्यात पडे. भीती वाटू नये म्हणून मी मोजत गेले. बावीस. मग उताणं केलं आणि डागावर तशीच भोकं पाडून एकेक तुकडा बसवला. तेही मोजले. एकसष्ट.

मागून बावीस काढले तर पुढे एकसष्ट कसे लागले, हे मी आज डॉक्टरांना विचारलं. औषधाच्या गुंगीत मोजणी चुकते, म्हणाले. चुकली असेल. पण बोटांनी चाचपलं तर मागे खपल्या बावीसच लागतात.

शेवंतीला पुन्हा ताप आला आहे. ती खोलीबाहेर आली नाही. दारातून दिसली, कपाळाला घट्ट फडकं बांधलेलं होतं.

१२ डिसेंबर

लावलेले सगळे केस गळले. मी रडले. डॉक्टर म्हणाले, असंच होतं. मूळ आत धरून असतं, दोन महिन्यांनी पुन्हा फुटेल. अण्णांना तसं पत्र लिहिलं.

९ जानेवारी १९५९

आज डॉक्टर मला बागेत घेऊन गेले. नवी कलमं लावली आहेत. खाली रायवळ आंब्याचा खुंट, वर हापूसची काडी, दोन्ही एकत्र बांधलेली. खुंटाला खालून स्वतःची पालवी फुटली होती, ती ते चाकूने उडवत चालले. ते फुटवे ठेवले तर कलम उपाशी मरतं. खुंटाने फक्त पाणी ओढायचं.

मी विचारलं, मग ते झाड कोणाचं म्हणायचं.

“फळ ज्याचं, झाड त्याचं,” डॉक्टर म्हणाले. “हापूसच्या झाडाला कोणी रायवळ म्हटलेलं ऐकलंयस?”

१६ फेब्रुवारी

केस फुटले! आरशात डाग जवळजवळ दिसत नाही. आनंदीबाईंनी साखर वाटली. अण्णांना पत्र टाकलं.

एक गोष्ट लिहायला हवी. माझे केस सरळ आणि पातळ आहेत. डागावर काही केस तसे आले आहेत, पण बरेचसे जाड आणि कुरळे आहेत. डॉक्टर म्हणतात, जागा बदलली की पोत बदलतो. पण आलो त्या दिवशी त्यांनीच अण्णांना सांगितलं होतं की केस कुठेही लावा, तो आपला मूळ गुण सोडत नाही.

२४ फेब्रुवारी

दुपारी आनंदीबाईंनी मांडीवर डोकं घेऊन चिमट्याने कपाळावरचे सरळ केस मुळासकट उपटले. दुखत होतं. पातळ केसांनी रेघ बिघडते, म्हणाल्या. मी मोजत होते. बावीस जागा.

म्हणजे माझे तेवढे उपटले आणि जे माझे नव्हते ते ठेवले.

३ मार्च

माझी वेणी कापली. झोपले होते. जागी झाले तेव्हा आनंदीबाई कात्री पुसत होत्या. पुढच्या केसांना जोर यायला हवा, म्हणाल्या. मग कपाळ कुरवाळत लक्षू म्हणून हाक मारली. चुकून आली असेल असं वाटलं. त्यांनी दुरुस्त केली नाही.

५ मार्च

शेवंती विहिरीवर एकटी होती. मी विचारलं, माझ्या कपाळावर कोणाचे केस आहेत. तिने कळशी वर ओढून कठड्यावर ठेवली. मग तिने फडकं सोडलं. कपाळभर मसुराएवढे खड्डे, ओळीने. एकोणचाळीस.

“लक्ष्मीचे,” ती म्हणाली. “ती गेली त्याच दिसा काढून माज्या कपाळार लायले. मी पण तुज्यासारीच कपाळ भरूक इलंय. तीन वर्सां होते. माका ताप इलो, ते गळूक लागले, म्हणान तुज्यार लायले. कलम काढून न्हेलां, खुंट रवलो.”

मी म्हटलं, मग घरी का गेली नाहीस.

“कोणाच्या घराक? माका ह्या घरचां सोडून कायच आठवणा नाय. शेवंती ह्या नाव पण तापानंतर हेंनीच ठेवलेलां; आदी माका पण लक्षूच म्हणत.”

मी कळशी तिथेच ठेवून निघाले; ती तिनेच घरी आणली.

६ मार्च

अण्णांना पत्र लिहिलं: ताबडतोब या, मला घेऊन जा, कपाळ नको, काही नको. डॉक्टरांच्या हाती दिलं नाही. शेवंती पेटीत टाकून आली.

मग डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी काही नाकारलं नाही. जपानी डॉक्टर म्हणत, दुसऱ्याचं रुजत नाही. लक्ष्मीचं रुजलं, हे त्यांनी जेवणाच्या पानावर सांगावं तसं सांगितलं. आनंदीबाईंना राग आला.

“तुका काय कमी केलां आम्ही? कपाळ भरून दिलां मां?”

हे खोटं नाही. दिलंच आहे.

८ मार्च

कोणी अडवत नाही. सकाळी पिशवी घेऊन एस.टी. स्टँडकडे निघाले. समोरून एस.टी. येताना दिसली. त्यानंतरचं चालणं आठवत नाही. मी फाटक उघडत होते. घरी आले या विचाराने बरंसुद्धा वाटलं. घर म्हणजे हे. अंगणात आल्यावर कळलं.

११ मार्च

कपाळावरचा एक झुपका उपटून पाहिला. मुळं पांढरी, जाड. कळ इतकी आली की तोंडातून आई गं निघालं. आनंदीबाई धावत आल्या. आले गो, म्हणाल्या. मी त्यांच्या पोटात तोंड खुपसलं.

उरलेले अडतीस.

१४ मार्च

न पाहिलेलं आठवतंय. धक्क्याला लागलेली बोट, तिच्यावरून उतरणारे डॉक्टर, हातात रंगीत कागदाची जपानी छत्री. छत्री मला — मी तेव्हा लहान. मी ही बोट कधी पाहिली नाही. मग लिहावं की नाही? नियम काय सांगतो? पाहिलं तेवढंच. पण दिसतंय —

आईचा चेहरा आठवायला बसले. तीन वर्षांची होते तरी तिचे हात आठवत असत. आता येतात ते आनंदीबाईंचे.

१७ मार्च

शेवंतीने द्वारका म्हणून हाक मारली. तीनदा मारली म्हणते. मी तिथेच होते. दुसऱ्या कोणाला बोलावते आहे असं —

अण्णांचं पत्र का येत नाही. अण्णा लवकर या. तुम्हाला ओळखते तोवर या.

१९ मार्च

देवगडला कोणीतरी होतं. मला त्यांना काहीतरी सांगायचं ठरलं होतं. खरं काहीतरी. काय ते —

२० मार्च

आईने न्हाऊ घातलं. केस छान सुटे झाले.

२३ मार्च

आज सकाळी एक गृहस्थ आले होते. पायांवर रस्त्याची लाल धूळ, हातात छत्री. एस.टी. चुकली म्हणून कट्टा गावापासून चालत आले म्हणे. बाबांशी अंगणात मोठ्याने बोलत होते. मला पाहिल्यावर थांबले. त्यांनी एक पत्र दाखवलं आणि हे तूच लिहिलंस ना, असं विचारलं. अक्षर सुरेख होतं. मी नाही म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

मग ते जवळ आले. घाबरावंसं वाटलं नाही. त्यांनी माझ्या कपाळावरचे केस बोटांनी मागे सारले, पुन्हा सारले, काहीतरी शोधत होते. इथं होता, म्हणाले, डाग इथंच होता. डाग सापडेना तेव्हा मटकन पायरीवर बसले. एवढा मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. पाणी द्यावं म्हणून मी आत आले.

आई म्हणते, बाहेर जाऊ नको लक्षू. दाराला कडी लावली आहे. ते अजून हाका मारत आहेत, एकच नाव, थांबून थांबून. शेवंती स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून बसली आहे.

पाणी भरून ठेवलं आहे, त्यांना दिलं नाही. तहानलेल्याला पाणी न देणं बरं नव्हे, हे मला कोणी शिकवलं — कोणीतरी मांडीवर घेऊन, पाटीवर अक्षर गिरवताना — हा आवाज मी —