बाहेर बसवलेले व्याही

तेलगाव, बुधवार

तीर्थस्वरूप गहिनीनाथ दाजी यांच्या चरणी,

राधाकिशनचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही असावं तसे नाही, पण आहोत. तुमची शुगर काय म्हणते? वच्छलाअक्काला गुडघ्याचं तेल पाठवलं होतं ते लावते का, की कपाटात ठेवून नुसतं दुखतंय म्हणते?

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. मला आता फोनला हात लावायची धास्ती वाटते. बोट पडलं आणि माणसं गेली, हे तुम्ही बघितलंच आहे. (बघितलं नसेल. तुमचा फोन त्या दिवशीही चार्जिंगला होता.)

सोयऱ्यांत माझ्या नावानं भलतंच पसरलंय, म्हणून पहिल्यापासून सांगतो. नात आरोही बल्लारीला दिल्यापासून दोन्हीकडच्या माणसांचा ‘आपला परिवार’ असा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी माझ्या पणतीचा एक फोटो यायचा. तो बघितल्याशिवाय मी चहा घेत नव्हतो. बाकीचं निम्मं मला वाचता येत नव्हतं. व्याही शिवशंकरप्पा कानडीत हातभर लिहायचे, आपल्याकडचे मराठीत उत्तर द्यायचे, आणि कुणाचं कुणाला कळत नसल्यामुळं दोन वर्षं सगळं गोडीत चाललं होतं.

मागच्या महिन्यात व्याह्यांनी असंच लांबलचक काही लिहिलं. वडवणीच्या आपल्या सुग्रीवाला त्या दिवशी दुसरं काम नसावं. त्यानं खाली टाकलं, “आमची पोरगी नेली, आता मराठी बी शिका.” त्यावर व्याह्यांच्या कुण्या पुतण्यानं उलट लिहिलं, “ऊस तोडायला येता तेव्हा कानडी बरी चालते.” हे त्यानं चांगल्या स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. म्हणजे येत होती. दाजी, ते मला लई लागलं. आपण दोघांनी तिकडं अकरा हंगाम काढले. मला तिथला एकच शब्द आला, पाण्याचा. तो म्हटला की कोणत्याही दारात तांब्या भरून मिळायचा, आणि ऊसतोड्याची कोणी जात-भाषा विचारली नाही. आता सोयरे झाल्यावर विचारतात.

मग सूनबाई उज्ज्वला पुण्याहून म्हणाली, सगळेच हिंदीत लिहू. त्याबरोबर दोन्हीकडचे तिच्यावर तुटून पडले. तेवढा अर्धा तास दोन्ही घराणी एक झाली होती.

मी ग्रुपचा अ‍ॅडमिन. आरोहीनंच केलं होतं, वडीलधारा म्हणून. सहा वर्षं मी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, त्यांना बाहेर पारावर बसवायचं, चहा पाठवायचा, पंचांनी आत ठरवायचं आणि मग त्यांना आत बोलवायचं. बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले लोक माझ्या शब्दाखातर बाहेर बसले आहेत. तसंच मी इथं केलं. आधी सुग्रीवाला बाहेर बसवलं (आपला माणूस आधी, म्हणजे बोल लागत नाही), मग तो पुतण्या, मग व्याही, विहीणबाई, नातजावई. आरोही आणि उज्ज्वला नात्यातल्या, त्यांनाही काढलं. असं करत सगळेच गेले. पंच म्हणून राहिलो मी, तुम्ही आणि एक नंबर, जो मी व्याह्यांच्या चुलत्याचा समजलो. तो बारशाच्या आचाऱ्याचा निघाला. ‘सर्वांनी मराठीतच लिहावे’ असा ठराव मी टाकला, त्याला आचाऱ्यानं अंगठा दिला. एकमतानं मंजूर.

मग आत बोलवायला गेलो तर बाहेर कोणी नाही. फोननं प्रत्येकाला कळवलं होतं की राधाकिशननं तुम्हाला काढलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा नवा ग्रुप झाला, त्यात मी नाही. आरोहीचा फोन आला, “आजोबा, माझ्या सासऱ्याला हाकललंत. मी इथं तोंड कसं दाखवू?” मी म्हणालो, अगं, बाहेर बसवलंय, हाकललं न्हाई. तिनं फोन ठेवला. बावीस दिवस झाले, फोटो नाही. चहा आता कधीही घेतो. आमची ही, सावित्रीबाई, म्हणते, “आता बसा तुमीच भाईर.”

माझी चूक नाही. मी माफी मागणार नाही. सातवी नापास असलो तरी न्याय कळतो.

अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
राधाकिशन

ता. क. व्याह्यांनी त्या दिवशी काय लिहिलं होतं ते उज्ज्वलानं कुणाकडून तरी समजून घेतलं. लिहिलं होतं की राधाकिशनरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर दसऱ्याला बाळाला घेऊन तेलगावला येतो, त्यांना पणती डोळे भरून बघू दे. ऑपरेशन झालेलं आहे.

ता. क. २. तुम्ही तिकडं मुकादमी केली, तुम्हाला कानडी बोलता येतं. व्याह्यांना फोन लावा. म्हणावं, ठराव रद्द आहे, वाटेल त्या भाषेत लिहा. मी सांगितलं असं म्हणू नका. नाहीच ऐकलं तर मीच सांगितलं म्हणा.

ता. क. ३. त्यांच्यात ‘आत या’ कसं म्हणतात ते मराठी अक्षरांत, मोठं लिहून उलट टपाली पाठवा. पाण्याचा शब्द मला येतो.