बघायची गाडी, ऐकायची गाडी

बाबा, शारजाच्या गॅरेजात आमची रोज भांडणं होतात आणि ती तुमच्यामुळे. एका बाजूला इटलीच्या गाड्या उभ्या असतात, जमिनीला टेकलेल्या, दारं आभाळाकडे उघडणाऱ्या. दुसऱ्या बाजूला अमेरिकन, लांब नाकाच्या, रुंद खांद्यांच्या, आठ सिलिंडरवाल्या. माझ्यासोबतचा केरळचा पोरगा इटलीवालीसमोर फोटो काढतो आणि मला चिडवतो, "तेरा अमेरिकन तो ट्रक है भाई, बस सीट अच्छा लगाया." मी म्हणतो, "तेरी वाली चिल्लाती है. मेरी वाली छाती में बजती है. मोड़ तू ले ले, सीधा रास्ता मेरा." सगळे हसतात. मी हे बोलतो तेव्हा आवाज माझा असतो, शब्द तुमचे. आईचा फोन येईपर्यंत मला त्याचा गर्व होता.

तापीकाठच्या आपल्या गावातलं, लोधीपुऱ्यातलं गॅरेज डोळ्यांसमोर आहे. केळीचे ट्रक, जीपा, निंबोल्याच्या कोणाचा तरी ट्रॅक्टर, आणि भिंतीवर टायरवाल्याने दिलेलं कॅलेंडर. त्यावर लाल इटालियन गाडी. शाळेतून आलो की दप्तर खांद्यावरच ठेवून मी तिच्यासमोर उभा राहायचो. तुम्ही म्हणायचे, "बघायची गाडी आहे ती बेटा. खरी गाडी ऐकायची असते." मग एकदा कोण्या शेठच्या घरची जुनी अमेरिकन आली, लग्नात नवरदेव मिरवायची ती. तुम्ही पेचकसचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि त्याची मूठ माझ्या कानाला लावली. "आठ जण आहेत आत. कोण रुसलाय सांग." मी सांगितलं, मागून दुसरा. तोच निघाला. तुम्ही ग्रीसचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि घरी जाऊन आईला म्हणाले, "याचा कान माझ्यावर गेलाय. याला शाळेत काय ठेवलंय?" आठवी अर्धीच राहिली. मी रडलो नाही. उलट मोहल्लाभर सांगत फिरलो की बाबांनी मला निवडलं.

आता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून व्हिडिओ कॉलवर बोलत होती. "तू बी डोळे तपासून घे रे. डॉक्टरले मी त्यायचं सांगितलं, तर तो म्हणे काचबिंदू बापाकडून पोराले येऊ शकतो." मी म्हटलं, "बाबांना कुठे काचबिंदू होता?" ती म्हणाली, "मले वाटलं तुले माहीत असन. तू सातवीत होता तेव्हापासून. आधी बाजूचं दिसे ना, मग समोरचं बी जात गेलं. म्हणून तर तुले गॅरेजात बसवलं. कोणाले सांगू नको म्हणे, गिऱ्हाईक तुटतीन." मग तिने विचारलं, जेवला का. मी हो म्हटलं.

तेव्हापासून एकेक दिवस उलटा करून बघतोय. ते कॅलेंडर मी काढून घरी नेलं होतं, तरी तुम्ही रिकाम्या भिंतीकडे बोट करून गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या साहेबांना ती लाल गाडी पाहिजे." मला वाटलं मस्करी. नट तुमच्या बोटापाशीच पडलाय, तुम्ही सगळीकडे चाचपताय, मी म्हणतो, "आंधळे झाले का बाबा, तिथेच तर आहे," आणि तुम्ही कानाखाली वाजवता. बापाशी असं बोललो म्हणून मारलं, हेच मी इतकी वर्षं धरून चाललो. माझा कान खरंच चांगला होता का, हे आता कोणाला विचारू? तुम्हाला माझे डोळे पाहिजे होते. मागितले असते तर दिले असते, शाळा सुटल्यावर रोज येऊन दिले असते. तुम्ही कौतुक करून काढून घेतले.

इटलीवाल्या बाजूला एक माणूस कमी पडला होता. तिकडे सगळं स्क्रीनवर इंग्रजीत वाचावं लागतं. मालकाने विचारलं, कितना पढ़ा है? मी सांगितलं. तो म्हणाला, तू अमेरिकन पे ही ठीक है. केरळचा पोरगा गेला तिकडे. ह्याचंही एवढं वाटत नाही बाबा. पण ती लाल गाडी मला खरोखर आवडायची. ती आवड तुम्ही माझ्याकडून घेतली आणि तिच्या जागी तुम्हाला जमणारी गाडी ठेवली. मी तीच आपली समजून परदेशात भांडत बसलो. काल त्या पोराला म्हटलं, तेरी वाली सच में अच्छी है. तो घाबरला. "बुखार है क्या भाई?"

हे कुठे पाठवणार? तापीला? तुमची राख तिने नेली त्याला दहा वर्षं होत आली. तरी एक सांगून ठेवतो. शुक्रवारी डोळे दाखवायला चालत निघालो होतो. दवाखान्याच्या अलीकडे सिग्नलवर पाठीमागे एक अमेरिकन गाडी येऊन थांबली. मी वळून पाहिलं नाही. आत एक जण रुसलेला होता. कोणता, ते शोधता शोधता सिग्नल सुटला, गाडी गेली आणि मी तिथूनच खोलीवर परत आलो. संध्याकाळी आईचा फोन आला. मी सांगितलं, दाखवून आलो, डोळे चांगले आहेत, काळजी करू नको.