अंगणातला घाफ

फहदचे अब्बा,

अंगणातलं हे वाळवंटी घाफचं झाड तोडून तुम्हाला नव्या गाडीपुरती जागा मिळणार होती. म्हणून अर्जात ‘झाड वाळलंय’ लिहिलंत, आणि परवानगीआधीच तोडणीसाठी, माडावर चढणारा आपला रत्नागिरीवाला ठरवलात. आज म्युनिसिपालिटीचा साहेब येऊन गेला. खोडावर हात ठेवून हळूच म्हणाला, “भाभी, याची मुळं तुमच्या घराच्या उंचीच्या तिप्पट खोल गेलीत. वाळलं कुठं? पाणी पितंय.”

सहा वर्षं त्याखाली कपडे वाळत घातले, मान वर करून आज पाहिलं.

परवानगी मिळणार नाही, खलास. रत्नागिरीवाल्याला जेवू घालून परत पाठवलं. मी एमानला शाळेतून आणायला ऊद मेथाला जातेय, डाळ गरम करून घ्या.

हिशेब एवढाच: सावली घरातल्या सगळ्यांना, ऊन एकट्या तुमच्या गाडीला.

मैमुना