माझा आवाज कोणाच्याही नावे नाही

मी, हेल्मी राउतिओ, वय वर्षे शहात्तर, धंदा निवेदन, राहणार थंडर बे, ऑन्टारिओ, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कान तीक्ष्ण आहेत आणि गळा अजून उत्तम चालतो. गुडघ्यांबद्दल काही लिहीत नाही. कोणाच्या दबावाने किंवा भिडेखातर मी हे लिहिलेले नाही. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते केले तेव्हा माझ्या पश्चात माझा आवाज बोलत राहू शकेल हे वकिलालाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

कलम पहिले. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान माझी एकुलती एक मुलगी कारीना हिला मिळावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. गाडीच्या किल्ल्या शोधत बसू नये, त्या फ्रीजमध्ये असतात. घरी करायच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर येऊ नये म्हणून फ्रीज बंद करावा लागतो, आणि तो पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून आमच्या धंद्यातली माणसे किल्ल्या आत ठेवतात. बाहेर जायचे तर फ्रीज उघडावाच लागतो. एका हिवाळ्यात मात्र रेकॉर्डिंग संपवून मी मैत्रिणीच्या गाडीत बसले ते थेट तिच्या तळ्याकाठच्या घरी मुक्कामाला गेले. माझा धाकटा भाऊ आर्व्हो याने माझ्या फ्रीजमध्ये ठेवलेले मूसचे, म्हणजे इथल्या दांडग्या रानटी हरणाचे, मांस सगळे नासले. त्या शिकारीचा विषय तो अजून चारचौघांत काढतो.

कलम दुसरे. त्या मांसाच्या भरपाईपोटी मागच्या अंगणातला सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, वापरण्याचा हक्क आर्व्होला तहहयात राहील. सरपणही त्याचेच. हा विषय आता संपला.

कलम तिसरे. आईची तांब्याची कॉफीची किटली चुलत बहीण सिल्व्ही हिने उसनी नेली आणि परत केली नाही. ती मी तिलाच देते. कायद्याने तिची झाली म्हणजे निदान घरी कोणी आले की ती कपाटात लपवावी लागणार नाही.

कलम चौथे, माझा धंदा. हे जरा लांबेल, पण मृत्युपत्र माझे आहे.

मी कागद गिरणीच्या कचेरीत टंकलेखिका होते. नव्या कामगारांना दाखवायच्या सुरक्षेच्या फिल्मसाठी टोरोंटोहून निवेदक यायचा होता. बर्फात त्याचे विमान अडकले आणि साहेबांनी मला माईकपुढे बसवले. कोणाशी बोलायचे तेच कळेना. आदल्याच वर्षी त्या गिरणीत आर्व्होने चालू रोलरमधून फाटलेला कागद ओढायला हात घातला होता आणि दोन बोटे गमावली होती. माझ्या पर्समध्ये त्याचा अपघाताआधीचा फोटो होता, दोन्ही हातांत मासा धरलेला, दहाही बोटे दिसणारा. तो मी माईकच्या दांडीला टाचला आणि त्याच्याशी बोलले.

एका माणसाशी बोला, असे आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. मला ते सांगावे लागले नाही. प्रत्येक वाक्याआधी मी "आर्व्हो, ऐक" म्हणायचे आणि मग मजकूर वाचायचे. ते दोन शब्द नंतर कापून टाकायचे, पण त्यांच्यामुळे पुढच्या वाक्याला धार आणि माया दोन्ही यायची. आवाज घुमू नये म्हणून घरच्या कपड्यांच्या कपाटात गोधड्या लावून मी आयुष्यभर हेच केले. धान्याची कोठारे, खाणी, गोदी, लाकडाच्या वखारी, सगळीकडच्या सुरक्षेच्या फिल्ममध्ये मी बोलले आहे. एकदा हॉकीच्या मैदानावर कॉफीच्या रांगेत मी नुसते "मागे सरका" म्हटले, तर पुढचे तीन धिप्पाड कामगार वळूनही न बघता मागे सरले. माझ्या कामाचा यापेक्षा मोठा सन्मान मला कोणी दिलेला नाही आणि मला नकोही आहे.

कलम पाचवे, माझा आवाज. मी जिच्यासाठी वर्षानुवर्षे काम केले त्या टोरोंटोच्या कंपनीला माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून एआयचा आवाज बनवायचा आहे. मी हयात असताना आणि नंतरही तो वापरायला माझी संमती हवी आहे. त्यांनी एक नमुना पाठवला. जूनमध्ये कारीना व्हँकुव्हरहून आली तेव्हा तिने तो कॉफीच्या टेबलावर लावला. खोटे कशाला लिहू, मीच दचकले. आवाज माझाच होता. कारीनाच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "आई, सही कर ना. पैशांचं मरू दे. तू गेल्यावर मला हवं तेव्हा तुझ्याशी बोलता तरी येईल."

मी सही करणार होते. पोरीने असे मागितल्यावर कोणती आई नाही म्हणेल? मी पेनही उचलले होते.

आर्व्हो समोर बसून पुल्ला, आम्हा फिनिश लोकांचा वेलदोड्याचा गोड पाव, कॉफीत बुडवून खात होता. त्याने नमुना पुन्हा लावायला सांगितला. मान वाकडी करून ऐकला आणि मला विचारले, "हेल्मे, ही कोणाशी बोलतेय?"

"कोणाशी म्हणजे? सगळ्यांशी," कारीना म्हणाली.

"तसं नाही गं. तुझी आई वाचायची ना, तेव्हा वाटायचं मलाच झापतेय. गिरणीत सगळ्यांना तसंच वाटायचं. हिला मी मेलो काय, जगलो काय."

मी पेन खाली ठेवले. मला रडू आले आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. मूसचे मांस सोडून दुसरे काही लक्षात न ठेवणाऱ्या माझ्या भावाने माझे सगळे आयुष्य बरोबर ऐकले होते.

म्हणून मी लिहून ठेवते की माझ्या आवाजाची नक्कल कोणत्याही कंपनीने, संस्थेने किंवा नातेवाइकाने बनवू नये, विकू नये, वापरू नये. माझा आवाज मी कोणाच्याही नावे करत नाही. तो वारशाची वस्तू नाही, ते माझे काम होते. माझी खरी रेकॉर्डिंग गिरण्यांनी हवी तितकी वाजवावीत. ती मी कोणा माणसाला सांगितलेली आहेत.

कलम सहावे, फक्त कारीनासाठी. बाळा, त्या दिवशी मी पेन खाली ठेवले तेव्हा तुला लागले ते मला दिसले. कपाटात गोधडीमागे एक डबा आहे. रेकॉर्डिंगमधून कापलेले हाकांचे तुकडे मी फेकले नाहीत, ते त्यात आहेत. गिरण्यांच्या कामात आर्व्होमामाचे नाव आहे. पण तू घर सोडून गेलीस त्यानंतर मी इस्पितळांसाठी, नव्या आयांसाठी, परगावी एकट्या राहणाऱ्या मुलींसाठी जे जे वाचले, त्या वेळी माईकला तुझा फोटो होता. त्या डब्यात मी तुला हाक मारते आहे, खोकते आहे, चुकते आहे, पुन्हा हाक मारते आहे. तो आवाज तुझ्या प्रश्नांना उत्तरे देणार नाही. पण तुझे नाव घेताना मला तू दिसत होतीस, हे त्यात ऐकू येईल.

कलम सातवे आणि शेवटचे. माझ्या दफनानंतर सौना तापवण्याआधी हे मृत्युपत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. आर्व्होने वाचावे. तो अडखळेल, ओळी गाळेल, चष्मा विसरलेला असेल. दुसऱ्या कोणी वाचायला घेऊ नये आणि त्याची चूक सुधारू नये. समोर माझा फोटो टाचावा. सुरू करण्याआधी त्याने "हेल्मे, ऐक" म्हणावे. ते कापायचे नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, अर्थात मोठ्याने वाचून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, कॉफी आधीच मिळाली आहे.

सही: हेल्मी राउतिओ

साक्षीदार:
१. डेनिस बुशार, शेजारी
२. मार्लीन कोवाल्चुक, निवृत्त परिचारिका

स्थळ: थंडर बे, ऑन्टारिओ
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५